निफाडची थंडी, गोवर्धनचा पेला

डिसेंबर-जानेवारीत मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : निफाडचा पारा घसरला. सोबत शेकोटीभोवती कानटोप्या घालून बसलेल्या माणसांचा फोटो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती बातमी गुलाबी वाटते, द्राक्षवाल्याच्या मात्र पोटात गोळा येतो. थंडी जास्त झाली की मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या घडांतले मणी तडकतात, थॉमसनच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक चढते आणि निर्यातीला जायचा माल स्थानिक बाजारात येऊन पडतो. माझ्या माहेरी, निफाड तालुक्यात, अशा रात्री बागेच्या कडेनं शेकोट्या पेटवून धूर करतात आणि पहाटे वेलींना पाणी सोडतात. थंडी ही आमच्या घरची जुनी वैरीण.

आणि नाशिकच्या वाईनमध्ये जे काही चांगलं आहे, ते याच थंडीचं देणं आहे. हे मला नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा पेल्यातून दाखवायचं होतं. म्हणून जानेवारीच्या अखेरीस सगळं घर गाडीत भरून गंगापूर धरणाच्या अंगाला, गोवर्धन शिवारातल्या सुला व्हाइनयार्ड्समध्ये गेलो : नाना, आई, भाऊ, वहिनी, माझा नवरा आणि दोन पोरं. आईनं गाडीतच सांगून टाकलं, की मी पेला नाकाशीसुद्धा नेणार नाही. तिनं ते शेवटपर्यंत पाळलं.

सुलाची कहाणी आता बरीच जुनी झाली आहे, म्हणून थोडक्यात. स्टॅनफर्डला शिकलेले आणि ओरॅकलमधली नोकरी सोडून परतलेले राजीव सामंत यांनी इथल्या घरच्या जमिनीत आधी बरेच प्रयोग केले. १९९७ मध्ये सोविन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन पांढऱ्या जाती लावल्या आणि २००० मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की वाईन बनवायला मार्गदर्शक होते. नाव सामंतांच्या मातोश्रींवरून, सुलभावरून. त्याआधी महाराष्ट्रात वाईन नव्हती असं नाही. नारायणगावच्या इंडेजची ‘ओमर खय्याम’ ही स्पार्कलिंग वाईन परदेशात जात होती. पण २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि नाशिकची गाडी खऱ्या अर्थानं रुळावर आली. पुढं २००५ मध्ये सुलानं लोकांसाठी टेस्टिंग रूम उघडली, आणि देवदर्शनाला येणाऱ्या नाशिकला दुसऱ्याही कारणानं माणसं येऊ लागली.

नानांना यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. ते थेट वेलींकडे गेले.

इथं थोडं थांबलं पाहिजे, कारण पेल्यात काय उतरणार ते वेलीवर ठरतं. आमच्याकडे खायच्या द्राक्षांचा मांडव असतो. डोक्यावर पानांचं छत आणि खाली एकेक घड सुटा लोंबत असलेला. त्या घडाची विरळणी झालेली असते, मणी लांबावा-फुगावा म्हणून तो जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात बुडवलेला असतो आणि मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजलेली असते. अठराच्या वर भरला तर निर्यातवाला खूश. इथं वेली तारांवर उभ्या बांधलेल्या, भिंतीसारख्या रांगांत. घड हाताच्या मुठीएवढे, गच्च. मणी बारके, आत बी. नानांनी एका शिराझच्या घडाला खालून हात लावला आणि गाइड पोराला विचारलं, “विरळणी केली नाय का रे भाऊ?” तो म्हणाला, “नाही काका, असाच ठेवतात.” नाना माझ्याकडे वळून म्हणाले, “असा माल व्यापारी गाडीत चढवू द्यायचा नाही.”

मग त्यांनी एक मणी तोंडात टाकला. साल चावून थुंकली, बी तळहातावर घेऊन पाहिली. ती तपकिरी झाली होती. बोटाला लागलेला जांभळा डाग त्यांनी धोतराला पुसला नाही, नुसता बघत राहिले. “साल जाड आहे,” म्हणाले. “पण गोडी आपल्यापेक्षा जास्त.” बरोबर होतं. खायचं द्राक्ष सतरा-अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढलं तरी चालतं, लाल वाईनचं द्राक्ष बावीस-चोविसापर्यंत नेतात, कारण त्याच साखरेची पुढं दारू व्हायची असते. आणि रंग, तुरटपणा, वास हा सगळा ऐवज सालीत असतो. मणी जितका बारका तितकी रसाच्या मानानं साल जास्त. आमच्याकडे ज्या मण्याला कोणी विचारणार नाही, त्याला इथं भाव आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट कालगणनेची आहे. युरोपात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि उन्हाळा संपता संपता, हवा थंड होत जाताना घड पिकतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून तिला काडी करायला लावायचं, पावसाळा नुसता पाल्यावर काढायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून घड काढायचा, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे बोर्दोचं द्राक्ष उन्हातून गारव्याकडे पिकतं आणि नाशिकचं गारव्यातून उन्हाकडे. २० अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, जानेवारीच्या रात्री कडक असतात. त्या रात्रींत मण्यातला आंबटपणा टिकून राहतो. महाशिवरात्र आली की ऊन तापतं, साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्यानं उतरतो.

यावरून एक सरळ हिशेब निघतो. जी द्राक्षं लवकर तोडायची असतात ती थंडी सोबत घेऊन येतात. स्पार्कलिंगसाठीची सगळ्यात आधी, मग पांढऱ्या वाईनची. लाल द्राक्षं मागे राहतात आणि त्यांचं शेवटचं पिकणं उन्हात होतं. माझं अनेक वर्षांचं मत असं आहे, की नाशिकची खरी वाईन पांढरी आहे, आणि फेसाळणारी. लाल वाईन इथं चांगली होते, कधीकधी फार चांगली होते, पण तिला झगडावं लागतं. फ्रान्सच्या शाँदोन घराण्यानं भारतात यायचं ठरवल्यावर दिंडोरीला स्पार्कलिंगचाच कारखाना काढला, तो उगीच नव्हे.

कारखान्यातून आम्ही भरभर गेलो. थंड पाण्याचे कोट चढवलेल्या स्टीलच्या उंच टाक्या, त्यांच्यावरचे तापमानाचे आकडे, फरशीवर कायम सांडलेलं पाणी, आणि सगळीकडे भरून राहिलेला आंबूस, ताडीच्या जवळ जाणारा वास. पांढरी वाईन बारा-पंधरा अंशांवर हळूहळू आंबवतात, म्हणजे फळांचा वास उडून जात नाही. लाल वाईन सालीसकट, जास्त उबेत. पिंपांच्या खोलीत गार अंधार होता आणि पोरांना तिथं भीती वाटली. मग त्यांना द्राक्षं तुडवायच्या हौदात उतरवलं. तो सगळा हौसेचा मामला आहे, त्या रसाची वाईन करत नाहीत. हे ऐकल्यावर आईचा जीव भांड्यात पडला.

टेस्टिंग रूमच्या सज्जातून खाली वेलींच्या रांगा, मागे गंगापूरच्या पाण्याची पट्टी आणि त्यापलीकडे डोंगर. समोर पेले आले. प्रत्येकात दोन-तीन घोट, जास्त नाही. टेबलावर एक पिकदाणीही असते, तिच्याकडे आपल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. चव घेऊन थुंकायचं म्हणजे पैसे थुंकायचे असं वाटत असावं. भाऊ गाडी चालवणार होता, त्यानं मात्र इमानदारीनं प्रत्येक घोट पिकदाणीत टाकला, आणि मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात नीट चव त्यालाच कळली.

पहिला पेला ब्रूट. स्पार्कलिंगचे बुडबुडे वरून भरलेले नसतात. तयार वाईन बाटलीत भरून तिच्यात पुन्हा साखर आणि यीस्ट घालतात, झाकण लावतात, आणि दुसरं आंबवणं बाटलीतच होतं. निघालेला वायू कोंडून वाईनमध्ये विरतो. मेलेलं यीस्ट तळाशी बसतं, ते महिनोन् महिने तसंच राहू देतात, मग बाटली हळूहळू उलटी करत गाळ मानेत आणतात, मान गोठवतात आणि झाकण उघडलं की बर्फाचा खडा गाळासकट उडून येतो. ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. हा पेला बघायचा तो आधी डोळ्यांनी. तळाच्या एका बिंदूपासून निघून वर येणारी बारीक माळ. वासात हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि मागे पावाच्या भाजलेल्या कडेचा अगदी पुसट वास. तो यीस्टच्या सहवासाचा. जिभेवर पहिला धक्का बुडबुड्यांचा, दुसरा आंबटपणाचा. तो आंबटपणा कोरडा, ताठ, आणि घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ करून जाणारा. इथं थंडी सगळ्यात उघडी भेटते, कारण या वाईनसाठी द्राक्ष गोड व्हायची वाटच पाहिलेली नसते.

नानांनी घोट घेतला, दात आवळले, आणि म्हणाले, “हे आंबट बरंय.” नवऱ्यानं तोवर पेला कसा धरायचा यावर वहिनीला व्याख्यान सुरू केलं होतं.

दुसरा पेला सोविन्यॉ ब्लाँ. मी आले होते ती याच्यासाठी. रंग जवळजवळ पाण्याचा, कडेला पोपटी झाक. पेला न हलवता आधी एकदा हुंगायचा. पहिला वास हिरवा असतो. चिरलेली ढोबळी मिरची, नुकतंच कापलेलं गवत, लिंबाचं पान चुरगाळल्यावर बोटांना राहतं तसं काहीतरी. मिरचीचा तो वास ज्या द्रव्यामुळे येतो ते खरोखरच ढोबळी मिरचीत असतं. द्राक्षावर ऊन जितकं जास्त पडेल तितकं ते कमी होत जातं, म्हणून बागेत पानं किती ठेवायची, कुठल्या बाजूची काढायची, हा वाईन बनवणाऱ्याचा पहिला निर्णय असतो. फार ठेवली तर पेल्यात नुसती भाजी. सगळी काढली तर ओळख पुसली जाते.

आता पेला दोनदा फिरवून पुन्हा हुंगायचा. हिरवं मागे सरकतं आणि फळ पुढं येतं. पेरू. तोही हिरवा करकरीत नाही, पिवळा पडायला लागलेला, घरात कुठंतरी ठेवलाय हे दारातच कळतं तो. त्याच्या मागे पॅशनफ्रूट. गंमत अशी, की हे वास द्राक्षाच्या रसात जवळजवळ नसतात. रसात ते बांधलेले असतात, यीस्ट आंबवताना त्यांची गाठ सोडतं. म्हणून टाक्यांवरच्या त्या आकड्यांना इतकं महत्त्व. थोडं तापमान चढलं की पेरू हवेत गेला.

घोट घेतल्यावर तो लगेच गिळू नये. जिभेच्या दोन्ही कडांना चुणचुण होते आणि जबड्याखालून लाळ सुटते. लाळ किती सुटते आणि किती वेळ सुटत राहते यावरून आंबटपणा मोजावा, त्याहून सोपी परीक्षा नाही. इथं ती भरपूर सुटली. मध्यावर पेरूचा गर थोडा जाणवतो, वाईनला अंग आहे हे कळतं, आणि शेवटाला लिंबाच्या सालीचा किंचित कडवटपणा. तो मला फार आवडतो, वाईन गोडगोड होण्यापासून तोच वाचवतो. दोष काढायचाच तर शेवट थोडा लवकर येतो. फ्रान्समधली साँसेर तोंडात रेंगाळते, त्यातला चुनखडीचा कोरडेपणा बराच वेळ सोबत करतो. तसं इथं होत नाही. न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोविन्यॉ मात्र वर्गात सतत हात वर करणाऱ्या पोरासारखी असते, नाशिकची तशी नाही. ती विचारल्यावर बोलते, पण उत्तर बरोबर देते.

मी नानांना म्हटलं, “नाना, हा आंबटपणा आहे ना, ही निफाडची थंडी.” नानांनी पुन्हा एक घोट घेतला. “आमच्या बागेत ही गारठून बसते,” म्हणाले, “आणि यांच्याकडे आली की बाटलीत बसते.” मग जरा वेळानं, “रेट काय देतात किलोला?” तो प्रश्न त्यांनी दिवसभर तीन वेगवेगळ्या माणसांना विचारला.

शेनिन ब्लाँ आली आणि वहिनीचा चेहरा खुलला. शेनिन मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, पुढं दक्षिण आफ्रिकेनं तिला आपलंसं केलं, आणि नाशिकला ती अशी मानवली की विचारू नका. इथं तिच्यात थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवतात. वासात अननस, पिकलेलं खरबूज, थोडा मध. जाणकार मंडळी या गोडसर शेनिनकडे नाकं मुरडतात. मला त्यांचं हे पटत नाही. आंबटपणा खाली भक्कम असला की वरची थोडी साखर वाईनला मऊ करते, पुळचट करत नाही, आणि इथं तो भक्कम आहे. शिवाय आपण खातो काय, तेही बघायला हवं. तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची, तुरट वाईन घेतली तर तोंडात जाळ होतो, कारण दोन्ही तिखटाची आग वाढवतात. गारवा आणि साखर ती शमवतात. नाशिकला सकाळी मिसळ खाऊन दुपारी वाईन प्यायला जाणाऱ्यांनी खरं तर एकदा दोन्ही एकत्र करून बघावं. काळ्या रश्श्यासमोर टिकणारी पांढरी वाईन मला तरी ही एकच ठाऊक आहे. साबुदाणा वड्याबरोबर सोविन्यॉ चालते, थालीपिठावरच्या लोण्याला ब्रूट कापते, पण रश्श्याला शेनिनच.

झिनफँडेल रोझेबद्दल फार लिहायला नको. लाल द्राक्षाची साल रसात थोडेच तास ठेवली की हा गुलाबी रंग उतरतो. वास स्ट्रॉबेरीचा, चव गोडाकडे झुकलेली, आणि फोटो सुरेख येतो. कॅलिफोर्नियाची म्हणून मिरवणारी ही जात मूळची क्रोएशियाची, आणि इटलीतली प्रिमितिव्हो ती हीच, हे जनुकीय चाचण्यांनी दाखवलं आहे. आमच्या टेबलावर हा पेला सगळ्यात आधी रिकामा झाला, हेही नोंदवून ठेवते.

आता लाल. आधी शिराझ आणि कॅबरने यांचं मिश्रण. पेला नाकाशी नेला आणि काळ्या जांभळासारख्या फळांच्या आडून पुन्हा तीच ढोबळी मिरची डोकावली. हा योगायोग नव्हे. कॅबरने सोविन्यॉ ही सोविन्यॉ ब्लाँचीच लेक आहे. कॅबरने फ्राँ आणि सोविन्यॉ ब्लाँ यांच्या संकरातून ती झाली, हे नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात सिद्ध झालं. तोवर एवढ्या भारदस्त लाल वाईनची आई पांढरी असेल अशी कोणाला शंकाही नव्हती. पण नाकाला ती खूण आधीपासून मिळत होती. दोन पेले शेजारी ठेवून आलटून-पालटून हुंगा, मायलेकी ओळखू येतात. एका बैठकीत सगळे पेले क्रमानं चाखण्याचा खरा फायदा हाच, की दुसऱ्या पेल्यात वाचलेली ओळ पाचव्यात पुन्हा सापडते.

मग दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, सुमारे वर्षभर ओकच्या पिंपात मुरलेली. शिराझचं नाव इराणमधल्या शहराचं असलं तरी ती तिथली नाही. दुरेझा आणि मोंदूज ब्लाँश या फ्रान्समधल्या दोन जातींची ती संतती. तिच्यात काळ्या मिरीचा वास येतो म्हणतात. मिरीला जिच्यामुळे वास असतो ते द्रव्य शिराझच्या सालीत सापडतं, आणि मौजेची गोष्ट म्हणजे पाचातल्या एका माणसाला ते हुंगताच येत नाही. आमच्या घरात ती व्यक्ती माझा नवरा निघाला. त्याला मिरी लागेना, वहिनीला पहिल्याच झटक्यात लागली, आणि सकाळपासूनच्या व्याख्यानाचा तिथं निकाल लागला. थंड जागी पिकलेल्या शिराझमध्ये मिरी ठसठशीत असते, उबेत पिकलेलीत पुसट. इथं ती होती, पण फळांच्या आणि लाकडाच्या मागून हाक मारत होती.

लाकडाबद्दल मला थोडं सांगायचं आहे. २२५ लिटरच्या पिंपाच्या आतल्या बाजूनं विस्तव दाखवून लाकूड भाजतात. त्यातून वाईनमध्ये व्हॅनिला उतरतो, लवंगेसारखं काही, आणि अमेरिकन ओक असेल तर सुक्या खोबऱ्याचा वास. बेताचं लाकूड लाल वाईनला पोक्तपण देतं. पण उन्हात पिकलेल्या द्राक्षाची साखर भरते आधी आणि सालीतला तुरटपणा मऊ होतो मागून. साखरेसाठी तोडावं तर तुरटपणा कच्चा, तुरटपणासाठी थांबावं तर आंबटपणा गेलेला. भारतातल्या बऱ्याच ‘रिझर्व्ह’ म्हणवणाऱ्या बाटल्यांमध्ये ही फट लाकडानं बुजवलेली दिसते. हिरड्यांवर बोट फिरवल्यासारखा खरखरीतपणा जाणवतो, आणि त्यावर व्हॅनिलाचं पांघरूण. या शिराझमध्ये तसं उघडं पडलेलं काही नव्हतं. फळ रसरशीत, काळ्या मनुकांकडे झुकणारं, तुरटपणा जिभेच्या मध्यभागी बारीक आणि सारखा. तरी शेवटाला जे उरलं ते खोबरं होतं, द्राक्ष नव्हतं. लाल वाईनचा भारतीय नमुना दाखवायचा तर मी नंदी हिल्सची ग्रोव्हर ‘ला रिझर्व्ह’ किंवा अकलूजच्या फ्रातेलीची ‘सेत्ते’ पुढं करीन. नाशिकला यायचं ते पांढरीसाठी.

लाल वाईनची आणखी एक फसगत आपण आपल्या हातानं करतो. ती ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हे कुठंतरी वाचलेलं असतं. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्या तीस अंशांत तीच वाईन नाकात अल्कोहोल मारते आणि फळ झोपी जातं. मी बर्फाच्या बादलीत पेला दहा मिनिटं ठेवायला सांगितला तेव्हा वाढणाऱ्या पोरानं जरा चमकून पाहिलं, पण बादली आणून दिली. दहा मिनिटांनी तीच शिराझ अंग सावरून बसली होती, आणि मिरी दोन पावलं पुढं आली होती.

शेवटी लेट हार्वेस्ट शेनिन. वेलीवर जास्त दिवस ठेवून, सुरकुतू दिलेल्या द्राक्षांची. जर्दाळू, मध, संत्र्याचा मुरांबा. एवढ्या गोडाखालीही आंबटपणा शाबूत होता, नाहीतर हा पाक झाला असता. पोरांसाठी मागवलेल्या आइस्क्रीमवर भावानं दोन थेंब ओतले, आणि तेवढे मात्र पिकदाणीत गेले नाहीत.

दुकानात घरी न्यायच्या बाटल्या निवडताना नाना प्रत्येक लेबल उलटून बघत होते. त्यांना छापील तारीख बघायची सवय, औषधांच्या डब्यांवरची. ती सवय वाईनच्या दुकानातही कामाची आहे. नाशिकची पांढरी वाईन म्हातारी करून प्यायची नसते. लेबलवरचं तोडणीचं वर्ष बघावं आणि शक्यतो चालू किंवा फार तर मागच्या वर्षाची बाटली उचलावी. दोन वर्षांनी पेरू निघून जातो आणि नुसतं आंबट पाणी उरतं. दुकानदार पुढ्यातली, उन्हातल्या फळीवरची बाटली देईल, ती न घेता आतल्या फ्रिजमधली मागावी. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नये. ताज्या पांढऱ्या वाईनला त्याहून चांगला पहारेकरी नाही, बुचाचा वास लागायची भीती नाही आणि अर्धी उरली तर बंद करून ठेवता येते. शिराझ दोन-तीन वर्षं राहिली तरी हरकत नाही, पण आडवी, अंधारात, आणि फ्रिजच्या डोक्यावर तर अजिबात नको. आमच्या शेजाऱ्यांनी लग्नात आलेली बाटली तिथं पाच वर्षं जपली होती.